पळसाचा रंग काचेला धरतो का? सौर सेलसाठी रंगद्रव्य निवडताना

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक मुलांकडून पळसाच्या फुलांच्या रंगावर चालणारा सौर सेल करून घेत आहेत. रंगाच्या दुकानातून आणलेली टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर, एफटीओची (एका बाजूला वीज वाहणारा पारदर्शक लेप असलेली) काच, मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन आणि मेणबत्तीची काजळी असं साहित्य आहे. चार चौरस सेंटिमीटरच्या सेलमधून भर उन्हात ०.२८ व्होल्ट मिळतात, पण करंट १२ मायक्रोअँपिअरच्या वर सरकत नाही. काढा आटवून घट्ट केला, तरी फरक नाही. म्हणून त्यांनी विचारलंय की दुसरा कोणता रंग घ्यावा, नवा रंग प्रयोगशाळेत रचता येतो का, आणि मुलं विचारताहेत त्याप्रमाणे वावरातलं झटका मशीन, म्हणजे जनावरं हाकलायला तारकुंपणात विजेचे झटके सोडणारं यंत्र, यावर चालेल का.

सर, तुमचा सेल मोडलेला नाही, आणि काढा पातळ होता असंही नाही. तुमच्या सेलमध्ये रंग बहुधा कामच करत नाहीये. जो काही करंट येतोय तो पांढऱ्या पावडरीने उन्हातला अतिनील भाग स्वतः शोषून दिलेला असण्याची शक्यता जास्त आहे. हे तपासायला दहा मिनिटं पुरतात, ते पुढे सांगतो.

रंगद्रव्याने प्रकाश शोषणं ही फक्त पहिली अट. सेलमध्ये त्याला आणखी तीन कामं करावी लागतात: टायटॅनियाच्या, म्हणजे त्या पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या, कणाला घट्ट धरून बसणं, प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन त्या कणात सोडणं, आणि गेलेला इलेक्ट्रॉन आयोडाइडकडून (आयोडीनच्या द्रावणातल्या इलेक्ट्रॉन देणाऱ्या भागाकडून) परत घेणं. विहिरीवरच्या मोटारीसारखं समजा. प्रकाश ही मोटार, ती पाणी वर टाकीत चढवते. पण टाकी पाटापेक्षा उंचावर हवी, पाटाला जोडलेली हवी, आणि विहिरीला पाझर हवा. यातलं एक जरी चुकलं, तर मोटार कितीही दमदार असली तरी वावर कोरडंच राहतं. गडद रंग दिसला म्हणजे मोटार दमदार आहे, एवढंच कळतं.

काढा घट्ट करून फायदा का नाही

शोषणाचा साधा नियम असा: शोषण म्हणजे रंगाचा मोलर शोषणांक (तो रंग किती जोरात प्रकाश खातो त्याचा आकडा), गुणिले संहती (द्रावण किती घट्ट ते), गुणिले प्रकाशाच्या वाटेची लांबी. हा नियम वाचला की काढा आटवावासा वाटणं साहजिक आहे. पण सेलमध्ये द्रावण उरतच नाही. उरतो तो फक्त टायटॅनियाच्या पृष्ठभागाला चिकटलेला रेणूंचा एक थर. त्यावर बसलेला दुसरा-तिसरा थर कणाला इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही, उलट मधेच प्रकाश खातो.

हा एक थर किती प्रकाश पकडतो ते आकड्यांत पाहा. सपाट काचेच्या एक चौरस सेंटिमीटरवर एका थरात साधारण १० चा उणे दहावा घात इतके मोल रंग बसतो. या क्षेत्रात मापदंड मानल्या जाणाऱ्या रुथेनियमच्या एन-३ रंगाचा मोलर शोषणांक ५३५ नॅनोमीटरला सुमारे १४,००० आहे. गुणाकार केला तर शोषण येतं ०.००१४, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम ०.३ टक्का. आता त्याच जागेवर १० मायक्रॉन जाडीचा, २० ते २५ नॅनोमीटर कणांचा सच्छिद्र थर दिला, तर आतला पृष्ठभाग हजारपट होतो. शोषण १.४ वर जातं आणि ९६ टक्के प्रकाश पकडला जातो. १९९१ साली ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे या प्रकारच्या सेलची क्षमता सात टक्क्यांच्या वर नेली, त्याचं मोठं कारण हा सच्छिद्र थर होता.

दुकानातली पावडर इथेच मार खाते. भिंतीच्या रंगात जाणारं टायटॅनियम डायऑक्साइड बहुतेक रूटाइल प्रकारचं असतं, कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे, आणि वरून ॲल्युमिना-सिलिकाचा लेप. हा लेप मुद्दाम दिलेला असतो, उन्हात रंगाचा थर फुटू नये म्हणून. कण दहापट मोठे म्हणजे एका ग्रॅममागे पृष्ठभाग दहापट कमी, आणि जो आहे तोही झाकलेला. रंगाला धरायला जागाच नाही. ही पावडर बाजूला ठेवा. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडून पी-२५ या नावाने मिळणारी पावडर मागवा. तिचे कण वीस-पंचवीस नॅनोमीटरचे, साधारण ८० टक्के ॲनाटेज (रूटाइलसारखाच टायटॅनियम डायऑक्साइडचा दुसरा स्फटिक-प्रकार), आणि एका ग्रॅममागे पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर असतो. १० ग्रॅममध्ये वर्गाचं काम भागतं.

पळसाची अडचण

फाल्गुनात तुमच्याकडे सगळा माळ पेटल्यासारखा दिसत असताना दुसऱ्या रंगाकडे का जावं, हा प्रश्न रास्त आहे. पण पळसाच्या रंगाची रचना या कामाच्या आड येते.

पळसाच्या फुलात मुख्यतः ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन असतं. ब्युट्रिन हे फ्लॅवनोन, म्हणजे मधलं वलय मिटलेलं, जवळपास बिनरंगी. आयसोब्युट्रिन हे त्याचंच उघडलेलं रूप, म्हणजे चॅलकोन, आणि नारिंगी-पिवळा रंग मुख्यतः अशा चॅलकोनांचा. फूल वाळवलं की आयसोब्युट्रिनचा काही भाग हळूहळू ब्युट्रिनमध्ये बदलतो, म्हणून वाळलेल्या फुलांचा काढा फिका. चुन्याची निवळी टाकली की रंग चढतो, कारण अल्कलीत वलय उघडतं आणि चॅलकोनवरचा प्रोटॉनही निघतो. धुळवडीचा रंग करणाऱ्यांना ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

पण टायटॅनियाला धरायला रेणूवर पकड लागते. वनस्पतींच्या रंगांत ही पकड बहुतेक वेळा वलयावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांची असते. ही जोडी टायटॅनियमच्या अणूला चिमट्यासारखी धरते. आयसोब्युट्रिनमध्ये त्या जोडीतल्या एका गटावर साखरेचा रेणू बसलेला आहे. चिमट्याचं एक पातं बांधलेलं. म्हणून रंग पांढऱ्या थरावर नुसता पसरतो आणि आयोडीनचं द्रावण घालताच त्यात उतरतो.

साखर काढता येते. दोन नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा-पाऊण तास पाण्याच्या वाफेवर ठेवलं की ब्युटेइन सुटतं, आणि त्यावर जोडी मोकळी असते. मात्र आम्लात तेच ब्युटेइन वलय मिटून पुन्हा फ्लॅवनोन होऊ लागतं, म्हणजे रंग जातो. एका हाताने मिळवायचं आणि दुसऱ्याने घालवायचं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा चांगला विषय आहे, पण बारावीच्या प्रकल्पाची सुरुवात इथून करू नका.

दुसरी अडचण तरंगलांबीची. ब्युटेइनचं शोषण ३८० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक, आणि शेपूट निळ्यापर्यंत. उन्हातली मोठी दौलत हिरव्यापासून लालपर्यंत आहे आणि ती तशीच निघून जाते. शिवाय आयोडीनच्या द्रावणातलं ट्रायआयोडाइड स्वतःच ३६० नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतं, म्हणूनच ते तपकिरी-पिवळं दिसतं. पिवळा रंग आणि पिवळं द्रावण, दोघांचा डोळा एकाच घासावर. प्रकाश काजळीच्या बाजूने पडत असेल तर रंगाच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. प्रकाश नेहमी टायटॅनियाच्या काचेच्या बाजूने घ्या.

हळदीचंही बरंचसं असंच. कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरला शोषतं, थोडं धरतंही, पण उन्हात टिकत नाही. हळदीचा डाग पडलेला कपडा उन्हात वाळवला की डाग उडतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. सेलमध्ये तेच होतं. पालकातल्या क्लोरोफिलला पकडीचा गटच नाही, नुसतं लांब तेलकट शेपूट आहे, म्हणून हिरवा रस सुंदर दिसतो आणि काचेवरून धुऊन जातो.

आधी या चार चाचण्या करा

पहिली: रंगवलेली काच स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा. थर पुन्हा पांढरा झाला तर रंग बसलाच नव्हता. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी चाचणी हीच. मी कुठलाही नवा रंग घेतला तरी हिच्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरी: सेल काळ्या कापडात गुंडाळून व्होल्टेज पाहा. अंधारात ते शून्याजवळ यायला हवं. ०.१ किंवा ०.२ व्होल्ट तसेच राहिले, तर मगरचिमट्याचा धातू आयोडीनच्या द्रावणाला लागलाय आणि तुम्ही सौर सेल नाही, बॅटरी मोजताय. चिमटे काचेच्या कोरड्या कडेवरच लावा.

तिसरी: एक सेल रंगाशिवाय बनवा, नुसता पांढरा. त्याचा करंट आणि पळसाच्या सेलचा करंट जवळपास सारखाच आला, तर रंगाचं योगदान शून्य. ॲनाटेज ३८८ नॅनोमीटरखालचा प्रकाश स्वतः शोषतं, रूटाइल त्याहून किंचित पुढे ४१० च्या आसपासपर्यंत. उन्हात तेवढा अतिनील भाग असतोच.

चौथी: सेलवर जर्द पिवळा किंवा नारिंगी जिलेटिन कागद धरा. अतिनील आणि निळा भाग अडतो. करंट कोसळला तर वरचं निदान पक्कं. याच धर्तीवर मुलांना निळा, हिरवा, लाल असे तीन एलईडी देऊन प्रत्येकाखाली करंट मोजायला लावा. निळा एलईडी साधारण ४६५, हिरवा ५२५, लाल ६३० नॅनोमीटरचा. तिन्हींची प्रखरता सारखी नसते, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करू नका. तेच तीन एलईडी वापरून रंगाच्या सेलचं पांढऱ्या सेलशी गुणोत्तर काढा. कोणता रंग कुठला प्रकाश खरोखर विजेत बदलतो, ते स्पेक्ट्रोमीटर नसतानाही दिसेल.

मग घ्यायचं काय: लाल अंबाडी

तुमच्या भागात माझी पहिली पसंती लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या पाकळ्यांसारख्या मांसल भागाला, ज्याची चटणी आणि सरबत करतात. दिवाळीनंतर मिळतात आणि वाळवून वर्षभर ठेवता येतात. त्यातले रंग डेल्फिनिडिन आणि सायनिडिन यांचे, म्हणजे अँथोसायनिन. यातही साखर जोडलेली असते, पण वेगळ्या जागी. शेजारच्या दोन हायड्रॉक्सिलांचा चिमटा मोकळा राहतो. शोषण ५२० नॅनोमीटरच्या आसपास, उन्हाच्या भरगच्च भागात. मोलर शोषणांकही दणकट: सायनिडिन-३-ग्लुकोसाइडसाठी २६,९०० धरतात, एन-३ च्या जवळपास दुप्पट.

जांभळाची सालही चालते. पण त्यातला काही रंग माल्व्हिडिनचा असतो आणि त्याच्या जोडीवर मेथॉक्सी गट बसलेले असल्याने तो भाग धरत नाही. गर अजिबात घेऊ नका, साखरेचा चिकटा छिद्रं बुजवतो. बिटातलं बेटानिन कार्बोक्सिल गटांनी धरतं, ५३५ ला शोषतं, मात्र उष्णतेला फार नाजूक.

अंबाडीची कृती अशी. १० ग्रॅम वाळलेली बोंडं बिया काढून भरड करा. ८० मि.लि. इथेनॉल आणि २० मि.लि. ऊर्ध्वपातित पाणी घ्या, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून सामू, म्हणजे पीएच, २ च्या आसपास आणा. काचेच्या भांड्यात गरम पाण्यावर ५० अंशाला अर्धा तास, झाकून. इथेनॉल पेट घेतो, म्हणून आच बंद करून मगच भांडं गरम पाण्यात ठेवा. सुती कापडातून आणि मग गाळणकागदातून गाळा. नुसत्या पाण्यात उकळलं तर अंबाडीचा बुळबुळीत भाग उतरतो आणि गाळताच येत नाही; अल्कोहोलमध्ये तो मागे राहतो.

इथे दोन चुका हमखास होतात. एक पाण्याची. बोअरचं पाणी जड आणि थोडं अल्कधर्मी असतं. त्यात अँथोसायनिन आधी निळसर, मग मळकट होऊन मरतं. बॅटरीत घालायचं पाणी वापरा. दुसरी भांड्याची. लोखंडी कढईत काढा केलात तर लोह त्याच चिमट्यात जाऊन बसतं, रंग काळा पडतो आणि टायटॅनियासाठी पकड उरत नाही. काच किंवा स्टीलच.

अंबाडीत आम्लंही भरपूर असतात, म्हणून तर ती आंबट. त्या आम्लांचे कार्बोक्सिल गट टायटॅनियावरच्या जागांसाठी रंगाशी भांडतात. म्हणून काच दहा मिनिटांत काढू नका, अंधारात रात्रभर बुडवून ठेवा, आणि शक्य असेल तर मधे एकदा ताजा अर्क घ्या. ज्या महाविद्यालयात सी-१८ चे (रंग धरून ठेवणारे आणि साखर-आम्लं वाहून जाऊ देणारे) छोटे स्तंभ आहेत तिथे अर्क पाण्याने पातळ करून आणि अल्कोहोल उडवून त्यावर चढवा, आम्लयुक्त पाण्याने साखर आणि आम्लं धुऊन काढा, मग आम्लयुक्त मेथॅनॉलने रंग उतरवा. फरक चांगला पडतो.

रंग धरला हे डोळ्यांना कळतं. अर्क लाल असतो, पण थर जांभळा होतो. टायटॅनियमला धरताना रेणू प्रोटॉन सोडतो आणि त्याचं शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं. थर लालच राहिला तर नुसता भिजलाय. जांभळा झाला आणि धुऊनही जांभळाच राहिला, तर पुढे जा.

लेप, भट्टी, द्रावण

३ ग्रॅम पी-२५ खलात घ्या. पांढरं व्हिनेगर ऊर्ध्वपातित पाण्याने दहापट पातळ केलं की सामू ३ च्या आसपास येतो. ते एकूण साडेचार मि.लि., एका वेळी अर्धा मि.लि. टाकत वीस ते तीस मिनिटं घोटा. सगळं एकदम ओतलं तर गुठळ्या राहतात आणि नंतर फुटत नाहीत. शेवटी भांडी घासायच्या पारदर्शक द्रवाचा एक थेंब, हलक्या हाताने, फेस न करता. पंधरा मिनिटं ठेवा.

काचेची वाहक बाजू मल्टीमीटरने शोधा, १० ते ३० ओहम दाखवते ती. तीन कडांना साध्या चिकटपट्टीचा एकच पदर लावा, लेप टाका, काचेच्या कांडीने एकदाच ओढा. दोन पदरांची जाडी केली की भाजताना भेगा पडून पापुद्रे निघतात.

४५० अंशावर अर्धा तास भाजायचं. थर आधी तपकिरी होतो, मग पुन्हा पांढरा. तो पांढरा झाल्याशिवाय आच बंद करू नका, कारण तपकिरी म्हणजे आतला साबण अजून जळतोय. भाजल्यानेच कण एकमेकांना जुळतात. ते जुळले नाहीत तर इलेक्ट्रॉन काचेपर्यंत पोचतच नाही. घरच्या तव्यावर काचेची खालची बाजू तापते आणि वरची थंड राहते, म्हणून जवळच्या पदवी महाविद्यालयातली मफल भट्टी मागून घ्या, अर्ध्या दिवसात वीस काचा होतात. काच भट्टीतच निवू द्या. साधारण ८० अंशाला, म्हणजे हाताला चांगलीच गरम असताना, रंगात बुडवा. पूर्ण थंड होऊ दिली तर हवेतली वाफ छिद्रांत शिरते, आणि पावसाळ्यात तर नक्कीच. काच एफटीओच हवी, आयटीओ या दुसऱ्या वाहक काचेचा रोध या तापमानाला वाढतो.

टिंक्चर आयोडीन दोन कारणांनी चालत नाही. त्यात अल्कोहोल असतं, ते आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात बघता बघता उडतं. आणि आयोडाइडच्या मानाने आयोडीन जास्त असतं. रंगाला इलेक्ट्रॉन आयोडाइड देतं, तेव्हा ते भरपूर हवं. आयोडीन जास्त झालं की ते प्रकाश खातं आणि टायटॅनियातला इलेक्ट्रॉनही परत ओढतं. घरी करा: २५ मि.लि. इथिलीन ग्लायकॉलमध्ये २.०८ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.३२ ग्रॅम आयोडीन. हे ०.५ मोलर आणि ०.०५ मोलर होतं, म्हणजे दहास एक. पाणी अजिबात नको.

दुसऱ्या काचेच्या वाहक बाजूवर मेणबत्तीची काजळी अर्धा मिनिट धरा, किंवा मऊ पेन्सिलीने घासा. दोन काचा थोड्या सरकवून बसवा, क्लिपा लावा, कडेला द्रावणाचे दोन थेंब ठेवा, ते आपोआप आत ओढलं जातं.

हे सगळं नीट जमलं तर भर उन्हात ०.४ व्होल्टच्या आसपास आणि एका चौरस सेंटिमीटरला १ मिलीअँपिअरपर्यंत करंट मिळावा. तुमच्या ४ चौरस सेंटिमीटरला ४ मिलीअँपिअर, म्हणजे आजच्या तीनशेपट. पहिल्याच फटक्यात त्याच्या चौथाई मिळालं तरी निदान बरोबर होतं असं समजा. ५०० ओहमचा पोटेन्शिओमीटर जोडून व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार सर्वात मोठा कुठे येतो ते मुलांना शोधू द्या. साधारण १०० ओहमच्या आसपास सापडेल.

नवा रंग रचायचा तर

तुमचा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण निवडणं आणि रचणं यांत विचार एकच आहे.

रेणूत एकाआड एक दुहेरी बंध जितके लांब, तितकं शोषण लाल बाजूला. ब्युटाडाइन २१७ नॅनोमीटरला शोषतं, हेक्साट्राइन २५८ ला, आणि गाजरातलं बीटा-कॅरोटिन, ज्यात असे अकरा बंध आहेत, ४५० च्या आसपास. पण नुसती साखळी लांबवत गेलं की रेणू ऑक्सिजनला नाजूक होतो. म्हणून रचनाकार दुसरा मार्ग घेतात. एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला ओढणारा, मधे छोटा पूल. देणारा म्हणून बऱ्याचदा ट्रायफिनाइलअमाइन, पूल म्हणून थायोफीन, आणि ओढणारा सायनोॲक्रिलिक आम्लाचा गट. या शेवटच्या गटाची खुबी अशी की त्याचं कार्बोक्सिलच टायटॅनियाला धरतं. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन नेमका पकडीच्या टोकाकडे सरकतो आणि तिथून थेट कणात उतरतो. पळसात जे नव्हतं ते इथे जाणूनबुजून बसवलंय.

इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पातळ्यांचा हिशेबही करावा लागतो. प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत टायटॅनियाची पातळी सुमारे उणे ०.५ व्होल्ट, आयोडाइडची सुमारे अधिक ०.३५. मधलं अंतर ०.८५. उत्तेजित रंग टायटॅनियाच्या वर ०.२ हवा, आणि मूळ अवस्थेतला रंग आयोडाइडच्या खाली जवळजवळ अर्धा व्होल्ट, नाहीतर आयोडाइड त्याला वेळेत इलेक्ट्रॉन देत नाही. बेरीज दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या थोडी वर. १२४० ला (इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून नॅनोमीटर काढायचा ठरलेला आकडा) या बेरजेने भागा, तरंगलांबी येते ८०० नॅनोमीटर. म्हणजे टायटॅनिया-आयोडाइडच्या या जोडीसोबत ८०० च्या पलीकडचा प्रकाश पकडणारा रंग रचून उपयोग नाही. तो शोषेल, पण पाणी पाटात पोचणार नाही. आणि ०.८५ हीच व्होल्टेजची कमाल मर्यादा, म्हणून एका सेलवर एलईडी लागत नाही. लाल एलईडीलाच साधारण १.८ व्होल्ट लागतात, म्हणजे ०.४ व्होल्टचे किमान पाच सेल एका माळेत.

पदवी महाविद्यालयात, फ्यूमहूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), एक साधा रंग बनवता येतो. २७३ मि.ग्रॅ. ४-(डायफिनाइलअमिनो)बेन्झाल्डिहाइड, १७० मि.ग्रॅ. सायनोॲसिटिक आम्ल, ॲसिटोनायट्राइल, पायपरिडिनचे काही थेंब. काही तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात पाडत उकळणं), मग थंड करून पातळ आम्लाने अवक्षेप, गाळणं, पुनःस्फटिकीकरण. रंग पिवळा येतो. मधे थायोफीनचं एक वलय असलेला अल्डिहाइड घेतला तर शोषण लाल बाजूला सरकतं. असे सपाट रेणू पृष्ठभागावर पत्त्यांसारखे एकमेकांवर रचले जातात आणि उत्तेजित ऊर्जा आपसांतच जिरवतात; त्याला उतारा म्हणजे रेणूवर लांब अल्किल साखळ्या जोडणं, किंवा सोबत चीनोडिऑक्सिकोलिक आम्ल घालून त्यांना अंतरावर ठेवणं. २०१४ मध्ये लोझानच्याच गटाने पॉर्फिरिनच्या (क्लोरोफिलच्या जातकुळीतल्या) रंगावर १३ टक्के गाठले, त्या रेणूतही देणारा-ओढणारा आणि अंतर राखणाऱ्या साखळ्या हेच सूत्र होतं; आयोडाइडऐवजी कोबाल्टचं द्रावण घेऊन व्होल्टेजची मर्यादाही त्यांनी वर नेली.

झटका मशीन

नाही, आणि हे मुलांना गणितानेच दाखवा. अंबाडीचा चांगला सेल: १ मिलीअँपिअर गुणिले ०.४ व्होल्ट गुणिले भरण गुणांक ०.५ (भार जोडल्यावर व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला जेवढा भाग हाती येतो तो), म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला ०.२ मिलीवॅट. भर उन्हात तेवढ्या जागेवर १०० मिलीवॅट पडतात, तेव्हा क्षमता ०.२ टक्के. झटका मशीनसाठी १० वॅट धरले तर लागतील ५०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पाच चौरस मीटर काच. १८ टक्क्यांच्या सिलिकॉन पॅनेलला तेच काम साधारण एका फुलस्केप कागदाएवढ्या जागेत जमतं. शिवाय अँथोसायनिन उन्हात विरतं. टायटॅनियावर अतिनील पडला की ते शेजारच्या रंगाचंच ऑक्सिडीकरण करतं. वर्षानुवर्षं टिकायचं तर रंगाच्या प्रत्येक रेणूने इलेक्ट्रॉन कोट्यवधी वेळा देऊन परत घ्यायला हवा. रुथेनियमचे रंग तेवढं सोसतात, बोंडाचा रंग नाही. प्रदर्शनात चार-पाच सेलची माळ करून साधा कॅल्क्युलेटर चालवा, त्याला मायक्रोअँपिअरच लागतात. सेलवर अतिनील अडवणारी फिल्म लावलीत तर प्रदर्शनाचे दिवस निभावतील.

मुलं हाताळणार म्हणून शेवटचं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. सांडलेलं चाटून कुत्री आणि गुरंही दगावतात. उरलेलं द्रावण नालीत किंवा आवारात ओतू नका. सोडियम थायोसल्फेटचे खडे टाकत रंग पूर्ण जाईपर्यंत ढवळा, म्हणजे आयोडीन संपतं, आणि नाव लिहिलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ते कुलपात ठेवा. पदवी महाविद्यालयात भट्टीसाठी जाल, तेव्हा तिथल्या रसायनांच्या कचऱ्यात ते देऊन या.